ओवाळणीची वजावट

आमच्या घरात पगार हा शब्द फक्त बाहेरच्या माणसासाठी होता. पगार मास्तरला, पगार तलाठ्याला, पगार टपालवाल्याला. घरच्या माणसाला पगार दिला म्हणजे त्याला गडी केला, आणि गडी केला म्हणजे घर मोडलं, असा आमच्या बाबांचा कायदा. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण सरकारचाही एक कायदा असतो आणि हे दोन कायदे एका छपराखाली आले की भांड्याला भांडं लागतं, हे मला विशीच्या आतच कळलं. माझा नातू म्हणतो, "आबा, इन्कम टॅक्सवर कोन प्रकरण लिहिते का?" मी लिहितो. ज्याला वाचायचं नसेल त्यानं खुशाल पानं उलटून माझ्या लग्नापाशी जावं. पण लग्नात माझी काही मर्दुमकी नव्हती, इथं होती.

आमचा ढाबा कारंजाच्या अलीकडे, नागपूर-अमरावती रस्त्याला अगदी लागून. आता तिथं चौपदरी झाली, गाड्या सूं करून निघून जातात आणि डायवर लोकांचं तोंडसुद्धा दिसत नाही. तेव्हा गाडी थांबायची तर सगळ्या रस्त्याला सांगून थांबायची. ब्रेकचा फुस्सकन आवाज, मग क्लीनरची उडी, मग बादलीत पाणी पडल्याचा आवाज, मग खाटेची करकर. पुढे कडुनिंबाखाली खाटा, मागे आमच्या दोन खोल्या, आणि मधात स्वयंपाकघर. ते स्वयंपाकघर घराचं की ढाब्याचं, हे कोणी कधी ठरवलं नव्हतं. ज्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, डायवरला भाजी जायची त्याच गंजातून आम्ही जेवायचो. ज्या परातीत गिऱ्हाइकाची कणीक मळली जायची त्याच परातीत माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी आंघोळ घातली होती, असं माय सांगायची. खरंखोटं तिला माहीत.

सकाळी सर्वात आधी वरवंट्याचा आवाज. तो गिरजाआत्याचा. गिरजाआत्या बाबांची धाकटी बहीण. तिला हिंगणीकडे दिली होती, तिथं जंगलाच्या कडेला तिच्या नवऱ्याचं थोडं वावर होतं. नवरा लवकर गेला, दिरांनी वावर आपसात वाटून घेतलं आणि हिच्या वाट्याला एक ट्रंक आली. बाबा स्वतः जाऊन ट्रंक आणि बहीण दोन्ही घेऊन आले. "हे घर तुहं हाय," म्हणाले. आत्यानं ट्रंक मागच्या खोलीत ठेवली, पदर खोचला आणि चुलीपाशी बसली, ती बसलीच. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ, वर बेसनाचं भांडं, आणि हातातल्या लाकडी दांड्यानं ते घोटणं चाललेलं. बेसन पडपडायला लागलं की ती थोडी मागे सरकायची, थेंब उडाला की एक शिवी द्यायची, पुन्हा पुढे सरकायची. मग ताटाला तेल, त्यावर बेसन थापायचं, वरून खोबरं-कोथिंबीर, आणि सुरीनं शंकरपाळ्यासारखे काप. ते काप लाल रश्श्यात सोडले की त्याचा वास नाक्यापर्यंत जायचा. पाटवडी सगळ्या वऱ्हाडात होते, पण अमृतसरचा डायवर गाडी उभी करून "बहनजी की पटोडी" मागतो, असं दुसऱ्या कोणत्या चुलीवर मी पाहिलं नाही.

आणि तिची जीभ! रश्श्यापेक्षा तिखट. कोणी मीठ कमी आहे म्हटलं तर आतून आवाज यायचा, "मीठ बरोबर हाय, घाम कमी गायला असंल तुवा!" डायवर खूश व्हायचे. माय तिच्या बरोबरीनं पोळ्या लाटायची, भाकरी थापायची. भट्टी, पाणी, लाकूडफाटा आणि वाढणं माझ्याकडे. बाबा गल्ल्यावर. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, आणि समोर ती लाकडी पेटी. त्या पेटीत पैसा जायचा, त्यातून किराणा यायचा, बहिणीची फी जायची, मायचं लुगडं यायचं. कोणाला काही लागलं तर बाबांना मागायचं. बाबा नाही म्हणायचे नाहीत, ही खरी गोष्ट. पण मागावं लागायचं, हीसुद्धा खरी.

बाबांना कर भरण्याचा मोठा अभिमान. शेतकऱ्याला कर नाही, आणि आमच्या भागात सगळे शेतकरी, त्यामुळे आपण सरकारला पैसे देतो हे ते चारचौघांत पाटीलकी सांगावी तसं सांगायचे. पण ढाबा वाढला तसा कराचा आकडा वाढला, आणि अभिमानाला घाम फुटायला लागला. रिटर्न भरून देणारा एक माणूस होता. नाव घेत नाही, त्याची नातवंडं आता चांगल्या नोकऱ्यांत आहेत. तो लुनावर यायचा, फुकटात पाटवडी खायचा, ढेकर द्यायचा आणि कागद घेऊन जायचा. एका वर्षी त्यानं विचारलं, "शामराव, नोकर किती?"

"एक बी नाई. सारे घरचे."

"पगार कोनाले काही?"

"घरच्याले कायचा पगार?"

तो चुकचुकला. "मंग खर्च काय दाखवू? सारंच्या सारं तुमच्या डोक्शावर येऊन राह्यलं." आणि मग त्यानं तिथंच खाटेवर बसून दोन वेटर जन्माला घातले. एक रामलाल, एक किसनलाल. दोघांना पगार लिहिला. बाबा थोडे चुळबुळले, पण कर उतरला तशी चुळबुळही उतरली. मायनं आत्याला सांगितलं तेव्हा आत्या घोटता घोटता थांबली. "हे दोघं जेवतात कुठं?" म्हणाली. "मी तं कधी वाढलं नाई त्याइले."

पुढच्या वर्षी सरकारचा कागद आला. रामलाल आणि किसनलाल यांना घेऊन वर्ध्याला हजर व्हा.

बाबांचं तोंड त्या दिवशी राखेसारखं झालं. ज्या माणसानं जन्मात कोणाचा पैसा खाल्ला नाही, तो दोन नसलेल्या माणसांच्या पायी चोर ठरणार होता. रिटर्नवाला म्हणाला, "घाबरता कायले? माहे दोन भाचे हायेत, उभे करतो." बाबा मान हलवायच्या बेतात होते. मी भट्टीपाशी होतो, तिथून उठून आलो आणि म्हणालो, "भाचे आनले तं मी रस्त्यावर उभा राहून साऱ्याइले सांगीन का हे वेटर नाई म्हून." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरा पोरगा असता तर मागे सरला असता. मी सरलो नाही. हट्ट हा आमच्या घराण्याचा गुण आहे, आणि मी तो बाबांकडूनच घेतला होता. भाच्यांची गोष्ट तिथंच राहिली.

आमच्याकडे थांबणारा एक सरदारजी होता, चार-सहा गाड्यांचा मालक. त्याला विचारलं. तो म्हणाला, "वर्धा में मोहरील साब के पास जा. महंगा है. डांटता भी है. पर नींद अच्छी आती है." दुसऱ्या दिवशी मी बस धरली.

मोहरील साहेब सी.ए., कापडाच्या दुकानाच्या माडीवर बसायचे. देहानं आडवे, आवाज असा की खाली कापड फाडणारा थांबावा. मी कागदांची पिशवी पुढे केली तर ती त्यांनी हातानं बाजूला सरकवली. "हे नंतर. आधी मला तुमचा ढाबा पाहायचा आहे." मग त्यांनी फी सांगितली. मी आकडा लिहीत नाही, कारण आजही तो आठवला की बाबांचा त्या दिवशीचा चेहरा आठवतो. पण मी तिथंच हो म्हणून आलो. घरी बोलणी खाल्ली, ती वेगळी.

साहेब सकाळच्या बसनं आले आणि कडुनिंबाखालच्या खाटेवर बसले. चहा पीत बसले. मग नाश्ता केला. मग पुन्हा चहा. कागद मागितला नाही, प्रश्न विचारला नाही, नुसते पाहत राहिले. कोण कुठून कुठं जातं, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाला हाक मारतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा वकील हाय का सोयरा? दुपारचं जेवन बी अठीच करते वाटते." आणि साहेबांनी खरंच जेवण केलं. पाटवडी दोनदा घेतली. मग हात धुऊन, पान लावून, सगळ्यांना बोलावलं. माय आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"शामराव, भाजी कोण करतं?"

"गिरजा."

"मसाला?"

"गिरजाच."

"पोळ्या?"

"पुंडल्याची माय. अन् गिरजा."

"भट्टी, पाणी, वाढणं?"

"हा पुंडल्या."

"आणि यांना देता काय?"

"देता म्हंजे? घरचे हायेत ते."

साहेब इतके हसले की खाट करकरली. "म्हणजे जे नाहीत त्या दोघांना तुम्ही पगार देता, आणि जे आहेत त्यांना देत नाही! अहो, उलटं करा. तेवढंच करायचं आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि इतकं सोपं करून सांगितलं की मला चौथी पासाला ते अजून पाठ आहे. रामलाल-किसनलाल खोटे, हे आपण होऊन सांगायचं, त्यांच्यापायी वाचलेला कर आणि वरचा दंड मुकाट भरायचा. घरात खाल्लेलं पीठ ढाब्याच्या खर्चात धरायचं नाही, ते आजपर्यंत धरलं ते चूक. पण भट्टी झिजते, भांडी झिजतात, फ्रीज झिजतो, त्या झिजेची वजावट मिळते आणि ती कोणी आजवर मागितलीच नव्हती.

दारातून आत्या म्हणाली, "साहेब, गंज झिजते त्याची वजावट भेटते, अन् मी इतके वर्सं झिजून राह्यली, त्याची?"

साहेबांनी पान गालात सरकवलं. "बाई, तुमच्याकडेच येत होतो." या रस्त्यावर बाहेरचा स्वयंपाकी ठेवला तर त्याला जे द्यावं लागेल, तेवढा पगार गिरजाबाईंना द्यायचा. जास्त नाही, कमी नाही. पुंडलिकाला त्याच्या कामाचा. दर महिन्याला, हातात, खराखुरा. तो ढाब्याचा खर्च, आणि तेवढं उत्पन्न बाबांच्या डोक्यावरून उतरणार. खोटं एक अक्षर नाही.

मायनं विचारलं, "अन् माह्या पोळ्याइचं काय?"

साहेबांनी पहिल्यांदा नजर खाली केली. "वहिनी, बायकोला दिलेला पगार कायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. तुमच्याकडे त्या कामाचं शिक्षण, पदवी असती तर गोष्ट वेगळी. कायदा मी केला नाही."

माय म्हणाली, "खरं हाय. कायद्याले बी ठाऊक हाय, बायकोचा पैसा जाऊन जाऊन कोनाच्या खिशात जाते ते." सगळे हसले, बाबा सोडून.

बाबांच्या कपाळाची शीर उठली होती. "बहिणीले मजुरी देऊ म्हनता? तिले मी हिंगणीहून वापस आनली ते का मोलकरीन म्हून आनली? गाव थुंकंल माह्यावर."

साहेब उठले. "दंडाचं मी पाहतो. बाकीचं तुम्ही ठरवा. पण शामराव, मी पगार कागदावर तेव्हाच लिहीन, जेव्हा तो दिलेला असेल. मागच्या तारखा मी घालत नाही. त्यासाठी दुसरे लोक आहेत." आणि बसला हात करून निघून गेले.

दंड भरला. रामलाल आणि किसनलाल मेले. त्यांच्या नावानं आत्यानं आंघोळ केली, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. पण पगाराचं नाव बाबा काढेनात. मी रोज काढायचो. भट्टी पेटवताना काढायचो, गल्ल्यापुढून जाताना काढायचो. बाबा म्हणाले, "तुले पायजे तं तू घे." मी म्हटलं, "आत्याले देल्याबगर मी घेत नाई." बाबा म्हणाले, "मंग नको घेऊ." असं आमचं चाललं होतं आणि आत्या आत घोटत होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी इतका तिच्या बाजूनं भांडायचो, पण मलाही ते सुचलं नव्हतं.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला आत्यानं बाबांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. बाबांनी बंडीतून नोटांचं पुडकं काढलं आणि ताटात ठेवलं. दर वर्षीच्या ओवाळणीपेक्षा कितीतरी जाड. आत्याचे डोळे भरले. मायनं माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "घे, गिरजे. तुह्या हक्काचं." आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, जिंकल्यासारखं म्हणाले, "जाय, सांग तुह्या वकीलसाहेबाले. देला म्हना पगार."

मला वाटलं जिंकलो. दिवाळी सरल्यावर अनारशांचा डबा घेऊन मी वर्ध्याला गेलो. साहेबांनी एक अनारसा तोंडात टाकला, ऐकलं आणि चावायचे थांबले.

"कशात दिला म्हणालास?"

"ओवाळणीत."

"ओवाळणीत!" खाली कापड फाडणारा नक्की थांबला असेल. "अरे बाबा, ओवाळणीची वजावट नसते! ज्याच्या बदल्यात काम, तो खर्च. ज्याच्या बदल्यात आरती, ती माया. सरकार मायेची वजावट देत नाही, आणि द्यायलाही नको, नाहीतर सगळा देश भाऊबीजच करत बसेल. उद्या तुझ्या आत्याला कोणी विचारलं, हे पैसे कशाचे, तर काय सांगेल ती?"

"भावानं ओवाळणी देली म्हनंल."

"आणि खरंच बोलेल. मग मी काय लिहू?"

परत आलो ते तोंड पाडून. स्वयंपाकघरात मायला सांगत होतो, आत्या परातीपाशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हात धुतले, पदराला पुसले, मागच्या खोलीत गेली आणि ते पुडकं घेऊन आली. जसं दिलं होतं तसंच, दोरासुद्धा न सोडलेलं. ती पुढे निघाली. आत्या कधी पुढे जायची नाही, खाटांवर परके पुरुष असायचे. त्या दिवशी गेली. गल्ल्यासमोर उभी राहिली आणि पुडकं पेटीवर ठेवलं.

"दादा, हे वापस घे."

"काऊन व? कमी पडले?"

"ओवाळणीले कमी-जास्त नसते. तू एक नारय देला असता तरी मी डोक्शाले लावला असता. पन हे तं माह्या कामाचे व्हय न? मंग ताटात काऊन टाकले?"

"ताटात का अन् हातात का, एकच झालं."

"एक नाई. ताटात पडलं का मले वाकून घ्या लागते, डोये भरून घ्या लागते. कामाचे पैसे मी वाकून काऊन घेऊ?"

खाटांवरचं चावणं बंद झालं होतं. बाबा आवाज खाली करून म्हणाले, "गिरजे, लोक काय म्हनतील? शामरावनं बहीन कामाले ठेवली म्हनतील."

"आता काय म्हनतात, ठाऊक हाय तुले? शामरावनं बहिणीले पोसलं म्हनतात. चुलीपाशी मी, जाय मले, धूर मले, अन् पोसनारा तू!" मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तू आनलं मले म्हून मी जित्ती हाय, दादा. ते मी मरेपावतर ईसरनार नाई. त्याच्यासाठी ओवाळीन, दर साली. पन ते येगळं, अन् हे येगळं."

सरदारजी नेमका तेव्हा जेवत होता. तो पाण्याचा गिलास ठेवून म्हणाला, "बाबूजी, बहनजी ने पटोडी से भी पक्की बात कही है."

बाबा बराच वेळ पेटीच्या झाकणावर बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी पुडकं उचलून पेटीत टाकलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पेटी बंद केली नाही. त्यातून नोटा काढल्या, उभे राहिले आणि त्या आत्याच्या पुढे धरल्या. "घे," म्हणाले. मग घशात मासळीचा काटा अडकावा तसं थांबले. आम्ही सगळे त्या काट्याकडे पाहत होतो. "या महिन्याचा पगार," म्हणाले.

आत्यानं सरळ उभं राहून हात पुढे केला, पैसे घेतले आणि म्हणाली, "बरं." आणि आत गेली, कारण चुलीवर बेसन होतं.

हे वाचून कोणाला वाटेल की इथं संपलं. इथं संपलं असतं तर मोहरील साहेबांची फी जास्तच होती असं मी म्हटलं असतं. वर्षभर दर महिन्याला पगार दिला गेला, पावतीवर आत्यानं आपलं नाव लिहिलं, आणि हिशेब सादर झाल्यावर पुन्हा वर्ध्याहून बोलावणं आलं. स्वयंपाक करणाऱ्या बहिणीला घेऊन या. रामलाल-किसनलालच्या पायी आमच्या नावावर कचेरीचा डोळा होताच, आणि तो असणं चूक नव्हतं. बाबांनी ठेवणीतलं धोतर काढलं. आत्या हिरवं लुगडं नेसली. मीही सोबत निघालो. बसमध्ये बाबा कागदांची पिशवी छातीशी धरून बसले होते. पुन्हा खोटे ठरलो तर या रस्त्यावर तोंड दाखवता येणार नाही, हे त्यांच्या बसण्यातून दिसत होतं. मोहरील साहेब दारात उभे होते. कारंजा ते तळेगावपर्यंतच्या ढाब्यांवर स्वयंपाक्याला काय देतात, हे स्वतः फिरून लिहून आणलं होतं. त्या उन्हात, त्या देहानं.

आतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. कागद चाळून म्हणाला, "या तुमच्या बहीण. तुमच्याच घरी राहतात, तुमच्याच घरी जेवतात. मग पगार कसला? या तर तुमच्या आश्रित झाल्या."

मोहरील साहेब बोलायला पुढे झुकले, तेवढ्यात बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा साहेब. हे मले सांगू द्या."

बाबा उठून उभे राहिले. तुम्हाला सांगतो, माझ्या बापाला मी गल्ल्याच्या मागे पाहिलं, देवापुढे पाहिलं, पण तसं उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "आश्रित म्हनू नका. त्या रस्त्यावर गाडी थांबते ते माह्या तोंडाकडे पाहून थांबत नाई. इच्या हातासाठी थांबते. ही एक दिवस निजली तं माहा गल्ला निजते. आश्रित कोन म्हनान तं मी हाय, माहा पोरगा हाय, माहं घर हाय. मी इले लय वर्सं काही देलं नाई, ती माही चूक. आता देतो, अन् जे देतो ते कमीच हाय. तुमाले जास्त वाटत असंल तं चाला माह्यासंगं, एक डाव जेवून पाहा, मंग आकडा कापा."

अधिकाऱ्यानं आत्याकडे पाहिलं. "बाई, पैसे खरंच हातात मिळतात?"

"हाव. मागून घेते."

"मागून?"

"मंग? मालक ईसरते कधी कधी."

अधिकारी हसला. मोहरील साहेबांनी त्या हसण्यातच आपला कागद पुढे सरकवला, कोणत्या ढाब्यावर काय पगार आहे तो. त्यानं तो शांतपणे वाचला, दोन प्रश्न विचारले, साहेबांनी दोन उत्तरं दिली, आणि आमचा हिशेब जसाच्या तसा मान्य झाला. आत्याचा पगार, माझा पगार, भट्टीची झीज, फ्रीजची झीज, सगळं. त्या वर्षी कर इतका उतरला की साहेबांची फी निघून वर स्वयंपाकघराला धूर जायला उंच धुराडं झालं, आणि आत्याचा खोकला गेला.

आता सगळे मोबाईलवरच रिटर्न भरतात. नातू म्हणतो, "आबा, बोटानं दाबलं का झालं, सी.ए.ले पैसे कायले देता?" मी दर वर्षी बस धरून मोहरील साहेबांच्या लेकीकडे जातो आणि फी तोंड वाकडं न करता देतो. मागच्या वेळी तिनं माझे कागद बाजूला सरकवले आणि विचारलं, "आबा, तुमच्या सुनबाई मसाला करून विकतात ना, त्यांना काय देता?" मी घरी येऊन मुलाला तेच विचारलं. दोन दिवस घरात भांड्याला भांडं लागलं, आणि लागू दिलं मी. मोबाईलनं विचारलं असतं का हे?

पण मला त्या दिवशीचं सांगायचं आहे. कचेरीतून बाहेर पडल्यावर आम्ही चौघं उसाचा रस प्यायला थांबलो. बाबांची छाती बंडीच्या बाहेर यायची राहिली होती. आत्या रस पीत पीत साहेबांना म्हणाली, "साहेब, एक विचारू? पगारी मानसाले सुट्टी असते का?"

"असते ना, बाई. आठवड्यातून एक."

बाबांना ठसका लागला.

पुढच्या सोमवारी सकाळी वरवंट्याचा आवाज आला नाही. मी उठून पाहतो तर आत्या न्हाऊन, वेणी घालून, तेच हिरवं लुगडं नेसून पुढे कडुनिंबाखालच्या खाटेवर मांडी घालून बसलेली. शेजारच्या खाटांवर डायवर लोक, आणि त्यांच्यात ती. हात वर करून आत ओरडली, "कोन हाय रे आतमंदी? एक पाटवडी, दोन भाकरी. अन् कांदा धुऊन देजो!"

माय भाकऱ्यांत अडकली होती, म्हणून पाटवडी मी केली. बेसन तीनदा तळाला लागलं, हात भाजला, काप मोडले. वाढायला कोणी नव्हतं, म्हणून बाबा गल्ला सोडून उठले आणि ताट स्वतः घेऊन गेले. आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात टाकला. सगळे डायवर तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं सावकाश चावलं, गिळलं आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्या भावाचं नाव घेऊन हाक मारली.

"शामराव! तुहा हा नवा सैपाकी कच्चा हाय. याचा पगार काप."

"कापतो, बाई," बाबा म्हणाले, आणि तिच्या गिलासात पाणी ओतून, आणखी काही पाहिजे का म्हणून, खांद्यावर फडकं टाकून तिथंच उभे राहिले.